दुसऱ्या वाटीचं कारण

मला आयुष्यात पहिल्यांदा 'अहो' कोणी म्हटलं असेल तर ते काकूंनी. तोवर मी 'अबे' होतो, 'ए' होतो, आणि शाळेत असताना 'ऊठ, बाहेर हो' होतो. शाळा म्हणजे चौथीपर्यंत. पण चौथी मी दोनदा केली, त्यामुळं कोणाला पाचवी धरायची असेल तर माझी हरकत नाही. वाशिमकडून पुण्याला आलो तो कारखान्यात लागायला. कारखान्याच्या गेटवरच्या माणसानं मला खालून वर बघितलं आणि सांगितलं, मशीन चालवायला माणूस पाहिजे, मशीनसमोर आडवा लावायला नको. आणि तेव्हा मी बारीक होतो बरं का. आत्ताचा मी त्यानं बघितला असता तर गेट माझ्याच अंगाला टेकवून बंद केलं असतं.

मग लागलो कॅन्टीनला. नगर रोडला तेव्हा काचेच्या बिल्डिंगा उभ्या राहायला लागल्या होत्या. एका बाजूला काच, दुसऱ्या बाजूला म्हशी, आणि काचेत म्हशींना स्वतःचं तोंड दिसायचं, त्या उगाच थांबून बघत बसायच्या. त्यातल्या एका बिल्डिंगमध्ये चार मजले सॉफ्टवेअर कंपनी होती आणि तळमजल्यावर आमचं कॅन्टीन. कॅन्टीन नावाला ठेकेदाराचं. राज्य काकूंचं.

काकू बुधवार पेठेतून दोन बस बदलून यायच्या. पंचावन्नच्या आसपास वय, सुती साडी, त्यावर ठेकेदारानं दिलेला हिरवा एप्रन आणि डोळ्यांवर असा चष्मा की समोरच्याला वाटावं आपलीच तपासणी चाललीय. आधी पंधरा वर्षं त्यांनी पेठेत विद्यार्थ्यांची मेस चालवलेली. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "अहो, आपण हात धुतलेत का?" मी मागं वळून बघितलं. मागं नुसता फ्रीज होता.

आता त्यांचा नियम सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच घडलं.

जेवणाच्या ताटाबरोबर गोडाची एक वाटी मिळायची. बहुतेक दिवशी शिरा, कधी खीर, कधी गुलाबजाम. ती वाटी संपली आणि दुसरी पाहिजे असली तर माणसानं काकूंच्या समोर येऊन उभं राहायचं. काकू विचारायच्या, भूक आहे का. तो म्हणायचा, आहे. मग वरणभात घ्या म्हणायच्या, हवा तेवढा. माणूस तोंड वाकडं करायचा, वरणभात नको, शिराच द्या.

"म्हणजे भूक नाही," काकू म्हणायच्या. "कारण सांगा."

कारण खरं असलं तर वाटी भरून. खोटं असलं तर वरणभात. मोठमोठे इंजिनिअर, गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो, आणि वाटी पुढं धरून उभे. नवीन आलेला माणूस हसायचा, थट्टा वाटायची त्याला. आठवड्याभरानं तोच रांगेत खाली मान घालून हळू आवाजात सांगत असायचा की साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. काकू ऐकायच्या, वाटी भरायच्या, आणि पुढचा. धीर देणं नाही, पाठीवर हात नाही. मी एकदा म्हटलं, काकू, दोन शब्द गोड बोलत जा की त्यांच्याशी. म्हणाल्या, गोड वाटीत आहे.

ठेकेदाराला वाटायचं बाई शिरा वाचवतायत. त्यामुळं तो खूश. वाचत काही नव्हता. खरी कारणं फार निघायची.

खोटं मात्र त्यांना लगेच कळायचं. एक जण दर दोन महिन्यांनी यायचा आणि म्हणायचा, आज वाढदिवस आहे. तिसऱ्या वेळेला काकूंनी विचारलं, "आपला जन्म अजून चालूच आहे का?" दुसरा एक म्हणाला, सहजच पाहिजे. काकू म्हणाल्या, सहज माणसानं पाणी प्यावं. तिसरा हुशार, तो म्हणाला, काकू, चव फार सुंदर झालीय हो. काकूंनी त्याच्यापुढं वरणभात सरकवला आणि म्हणाल्या की ती पहिल्या वाटीत कळली असेलच.

एकदा अमेरिकेतून एक गोरा साहेब आला होता. सगळी कंपनी इस्त्री करून बसलेली. जेवताना त्याला शिरा आवडला आणि तो दुसऱ्या वाटीसाठी आला. बरोबरचे मॅनेजर मागून खुणा करतायत, द्या, द्या, देऊन टाका. काकूंनी त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "रीझन?" मॅनेजरांचा चेहरा पडला. तो गोरा मात्र थांबला. मग बोलायला लागला. चांगला पाच मिनिटं बोलला, हळूहळू, वाटीकडं बघत. शेवटी त्यानं चष्मा काढून पुसला. काकूंनी वाटी भरली, वर एक काजू ठेवला. काजू कोणाला मिळत नसे. मी नंतर विचारलं, काय म्हणाला हो तो? म्हणाल्या, "मला काय कळतंय. पण खोटं बोलणारा इतकं हळू बोलत नाही."

हे सगळं त्यांना कुठून सुचलं ते त्यांनी एकदाच सांगितलं, भांडी पुसता पुसता, आणि तेही मी फार मागं लागलो म्हणून. त्यांच्या यजमानांचा छापखाना होता. कॉम्प्युटर आले, छापखाना बसला. ज्या दिवशी कुलूप लावून ते घरी आले त्या दिवशी काकूंनी चहा केला, त्यांना दिला, आणि स्वयंपाकघरात जाऊन कपाटाच्या दाराआड उभं राहून चकल्यांचा अख्खा डबा संपवला. दिवाळीचा डबा. उभ्यानं. बसून खाल्ल्या असत्या तर लक्षात आलं असतं, म्हणाल्या. डबा संपला तेव्हा जीभ सोललेली होती, आणि छापखाना बंद तो बंदच. मला वाटलं त्या आता रडतील, म्हणून मी फडकं पुढं केलं. त्यांनी ते घेतलं आणि ताट पुसलं.

"दुःखी माणसानं शिरा खाऊ नये असं माझं म्हणणं नाही," त्या म्हणाल्या. "खावा. पण आपण दुःखी आहोत हे त्याला आधी कळू दे. नाहीतर त्याला वाटतं आपण शिऱ्याचे शौकीन आहोत."

त्यांचा अभ्यास असा की चिडलेला माणूस कुरकुरीत मागतो आणि घाबरलेला मऊ. हे मी पुढं डोळ्यांनी बघितलं. वर्षातून एकदा पगारवाढीची पत्रं वाटायचे त्या दिवशी आमचे पापड दुपारी एकलाच संपायचे. काम अमेरिकेला पाठवायची तारीख जवळ आली की खिचडी पुरायची नाही. वर चौथ्या मजल्यावर काय चाललंय ते साहेबांना कळायच्या आधी काकू तांदूळ जास्त भिजत घालायच्या.

एकदा त्या दोन दिवस रजेवर गेल्या आणि काउंटर माझ्याकडं आला. मी पण विचारलं, कारण सांगा. पण मी काय केलं, ज्याच्या कारणानं मला हसू आलं त्याला वाटी दिली. साडेबाराला शिरा संपला. ज्याची आजी वारली होती तो बिचारा वरणभात खाऊन गेला. काकू परत आल्यावर हे त्यांना कोणी सांगितलं माहीत नाही. नुसतं एवढं म्हणाल्या, आपण भांड्यांकडं चांगले आहात.

आता माझं स्वतःचं सांगतो. मी पण खायचो. आणि मला कारण विचारायला कोणी नव्हतं, कारण मी काउंटरच्या आतल्या बाजूला. वर्षात तीन पँटी बदलल्या. गावी गेलो तर बायको दारात उभी राहून म्हणाली, गेला होता एक, आला दीड. मी सगळ्यांना सांगायचो की गावाची आठवण येते म्हणून खातो. बायको, पोरगी, आई. ऐकणारा हळहळायचा. मलाही ते पटलं होतं.

मग ते खुर्चीचं झालं. ऐन जेवणाच्या वेळी मी टेबल पुसता पुसता जरा टेकलो आणि प्लास्टिकची खुर्ची चारी पाय पसरून खाली बसली, माझ्यासकट. दोनशे माणूस हसलं. दुसरा कोणी लाजून मोरीत लपला असता. मी पडल्या पडल्या म्हटलं, खुर्चीला पण कारण विचारा रे कोणीतरी. परत हसले. मी आत गेलो आणि त्या आनंदात पाच गुलाबजाम खाल्ले. सहावा तोंडाशी नेला तर दारात काकू.

"गावाची आठवण आली?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हो काकू.

"खोटं. लोक हसले की आपल्याला भूक लागते. मी तीन महिने बघतेय. आपण दुःखानं खात नाही, कौतुकानं खाता." मग चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "ते जास्त वाईट. दुःखाला माणूस दरवेळी काही करत नाही. कौतुकासाठी वाटेल ते करतो."

मला ते माझं कौतुकच वाटलं. मी तो सहावा पण खाल्ला.

आमच्याकडं एक चष्मेवाले साहेब होते. अकोल्याचे. पोरगाच होता खरा, पंचवीसेक वर्षांचा, पण गळ्यात पट्टा असला की आम्ही साहेबच म्हणायचो. मी पहिल्या दिवशी त्याच्या बोलण्यावरून ओळखलं आणि म्हटलं, काहून साहेब, आपल्याकडचे का? तर असा खुलला की विचारू नका. रोज माझ्या भांड्यांच्या खिडकीशी उष्टं ताट ठेवताना दोन वाक्यं वऱ्हाडीत बोलायचा, तोंड मोकळं करायला, कारण वर दिवसभर इंग्रजी.

त्या वर्षी अमेरिकेतला धंदा बसला. चौथ्या मजल्यावर निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या. लोक म्हणायचे काढून टाकायच्या माणसांची यादी बनतेय, शनिवारी लागणार. आमच्याकडं कुरकुरीत खायचं कोणी नाव काढेना. सगळे मऊ.

चष्मेवाले साहेब रोज दुसरी वाटी मागायला लागले. मग तिसरी. पहिल्यांदा म्हणाले, झोप होत नाही. दिली. मग म्हणाले, वडिलांची तब्येत बरी नाही. दिली. सोमवारी परत आले तेव्हा काकू म्हणाल्या, हे पण खरं असेल, पण शिरा आपण ह्याच्यासाठी मागत नाही आहात. मी शेजारीच ताटं लावत होतो. पोरग्यानं वाटी काउंटरवर ठेवली. मग म्हणाला, "काकू, तीन आठवडे झाले, मला नवीन काम कळतच नाहीये. नवीन भाषा आलीय मशीनची. सगळे टाइप करतात म्हणून मी पण करतो. शुक्रवारी दिवसभर अकोल्याला भावाला पत्र लिहिलं, कोणाला वाटावं काम चाललंय. कोणाला विचारू? विचारलं की यादीत."

काकूंनी वाटी भरली. आणि पहिल्यांदा, मी बघितलं, त्या जास्तीचं काहीतरी बोलल्या. म्हणाल्या, तुमच्या खालच्या मजल्यावरचे ते टक्कलवाले आहेत ना, ते शिकवतात, त्यांच्यापाशी बसा, ते कोणाला सांगत नाहीत. पोरगा त्या दिवसापासून संध्याकाळी टक्कलवाल्यांपाशी बसायला लागला.

पुढचं सगळं माझ्या नावावर आहे.

बुधवारी वरच्या एचआरच्या मॅडमनी मला बोलावलं. कॉफीचं मशीन गळतंय म्हणून. मशीन काही गळत नव्हतं, कोणीतरी कॉफी सांडली होती. मी पुसून निघालो तर म्हणाल्या, "दादा, बसा ना. सगळे म्हणतात तुम्ही फार फनी आहात." मला एसीच्या केबिनमध्ये खुर्चीवर बसा म्हणणारं पहिलं माणूस. खुर्ची पण लोखंडी, भीती नाही. टेबलावर पेस्ट्रीचा खोका, कोणाच्या तरी निरोपाचा. एक माझ्यापुढं ठेवली, एक स्वतः घेतली. काळी, वर पांढरी, त्यावर चेरी.

मी वाढदिवसवाल्याची गोष्ट सांगितली. हसल्या. गोऱ्या साहेबाची सांगितली, त्या टेबलावर हात आपटून हसल्या. दुसरी पेस्ट्री दिली. त्यांनी मला एक शब्द विचारला नाही, हे मी देवाशपथ सांगतो. विचारलं असतं तर कदाचित मी सावध झालो असतो. मीच म्हटलं, मॅडम, आणि एक तर असा आहे, आणि चष्मा पुढं ओढल्यासारखं करून, पोरगा टाइप करतो तशी बोटं नाचवून, भावाला पत्र लिहितोय ते करून दाखवलं. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी. मग डोळे पुसून त्यांनी चमचा खाली ठेवला आणि हसत हसतच विचारलं, "अरे कोण आहे हा?"

हसता हसता माणूस चमचा खाली ठेवतो तेव्हा त्याचं हसणं संपलेलं असतं, एवढं मला काकूंनी शिकवलेलं होतं. पण माझं लक्ष चेरीकडं होतं. मी नाव सांगितलं.

जिन्यातून खाली येता येता कळलं मला. दुसऱ्या मजल्यावर. यादी शनिवारी. आज बुधवार.

दुपारी मी जेवलो नाही. जिलेबी होती. कढईशेजारी उभा राहून मी जिलेबी खाल्ली नाही, हे कॅन्टीनमधल्या कोणाच्या लक्षात आलं नाही. काकूंच्या आलं.

"आपण जेवला नाहीत."

मी म्हटलं, भूक नाही.

"वरणभात?"

नको.

"जिलेबी?"

नको म्हटलं. त्यांनी हातातला झारा बाजूला ठेवला. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, म्हणजे मी वाटी घेऊन आलोय आणि त्या काउंटरवर आहेत अशा.

"मग मोठं आहे. कारण सांगा."

मी सांगितलं. पेस्ट्री, चष्मा, बोटं, नाव. एकदाही कोणाची नक्कल न करता मी पहिल्यांदाच काहीतरी सांगत होतो, त्यामुळं फार लवकर संपलं. काउंटर स्वच्छ होता, तो काकूंनी परत पुसला. मग आणखी एकदा. एप्रन काढून घडी घातली, पदर नीट केला आणि जिन्यानं वर गेल्या. लिफ्टमध्ये त्या कधी बसत नसत. चार मजले, प्रत्येक वळणावर थांबून. मी खालून मोजत होतो.

अर्ध्या तासानं मला वर बोलावलं.

इथं मध्येच एक सांगून टाकतो. त्या अकोल्याच्या पोरानं पुढं सहा महिन्यांत स्वतःच नोकरी सोडली. बंगळूरला गेला, दीडपट पगारावर. टक्कलवाल्यांनी त्याला असा तयार केला होता की दुसऱ्या कंपनीनं उचलून नेला. त्याला ह्यातलं आजपर्यंत काही माहीत नाही. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं ऐकून कोणाला वाटेल मी कोणाचा जीवबिव वाचवला. शिवाय जे वाचवायचं ते धोक्यात आणलं कोणी, तर मीच.

केबिनमध्ये मॅडम बसलेल्या, काकू उभ्या. खुर्ची होती, तरी उभ्या. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर होतं, त्याच्याकडं बघत होत्या.

मॅडम म्हणाल्या, दादा, काकूंचं म्हणणं आहे की त्या मुलाचं तुम्ही बनवून सांगितलं. तो असं काही बोललाच नाही. उलट त्यानं नवीन काम चांगलं शिकून घेतलंय.

"बोललाच नाही," काकू म्हणाल्या. "ह्यांना सवय आहे, मॅडम. कोणी हसलं की जोडत जातात. गेल्या महिन्यात ह्यांचं पाकीट मारलं गेल्याची गोष्ट सगळ्या कॅन्टीननं ऐकली. पाकीट ह्यांनी आयुष्यात वापरलेलं नाही."

पाकिटाचं खरं होतं. बाकीचं काकू खोटं बोलत होत्या. ज्या बाईला माणसाच्या आवाजावरून खोटं कळायचं ती सरळ आवाजात, अडखळल्याशिवाय, कॅलेंडरकडं बघत खोटं बोलत होती. आणि मला कळलं की त्यांनी मला खाली असताना काहीच का सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी पाठ करून आलो असतो आणि जास्तीचं बोललो असतो.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. सकाळचं हसू कुठं नव्हतं. म्हणाल्या, बघा, एखाद्या एम्प्लॉयीबद्दल असं खोटं पसरवणं फार सीरियस आहे. मला ठेकेदाराला कळवावं लागेल. तुम्हाला इथं ठेवता येणार नाही. म्हणून नीट विचार करून सांगा. खरं होतं की बनवलेलं?

आता गंमत बघा. मी स्वतःबद्दल आयुष्यभर खोटं बोललो. पडलो नाही तिथं पडलो म्हणून सांगितलं, मार खाल्ला नाही तिथं खाल्ला म्हणून सांगितलं, बायकोनं घराबाहेर काढल्याच्या तर तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत माझ्याकडं. ह्या एका कामात माझा हात धरणारा कोणी नाही. आणि नेमकं त्या वेळी तोंड उघडेना. कारण समोर कोणी हसणार नव्हतं. वरून नुसता एसीचा आवाज. मनात आलं, खरं सांगून टाकावं. नोकरी राहील. पोरगी शाळेत घातलेली. तो इंजिनिअर आहे, त्याला कुठंही मिळेल. हे सगळं मनात आलं, मी लपवत नाही.

मी म्हटलं, "बनवलेलं, मॅडम."

"का पण?"

"तुम्ही हसत होता म्हणून."

तेवढं एक त्या खोलीतलं खरं वाक्य होतं. काकूंनी पहिल्यांदा कॅलेंडरवरून नजर काढली.

शनिवारी यादी लागली. त्यात पोराचं नाव नव्हतं. हे मला दुसऱ्या वाढप्यानं नंतर सांगितलं, कारण मी बुधवारीच टोपी आणि एप्रन देऊन मोकळा झालो होतो. ठेकेदाराचा फोन चार वाजायच्या आत आला. एरवी गॅस संपला तर त्याचा फोन दोन दिवस यायचा नाही.

काकू मला स्टॉपपर्यंत सोडायला आल्या. नगर रोडचं ऊन, ट्रकची धूळ, त्यात त्या डोक्यावर पदर धरून माझ्या शेजारी. विश्रांतवाडीची बस येईना. मला असं गप्प उभं राहायची सवय नाही, म्हणून मी म्हटलं, काकू, तुम्ही एवढं सफाईनं खोटं बोलता, मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, मलाही नव्हतं. आज रात्री जेवण जाईल असं वाटत नाही.

मग मी म्हटलं, काकू, मी त्या पोराला सांगू का? माफी मागतो. मला हलकं वाटेल.

"आपल्याला वाटेल," काकू म्हणाल्या. "त्याला काय वाटेल? त्याला कळेल की तो बोलला ते वर गेलं. मग तो पुढं कोणाला काही विचारणार नाही, टक्कलवाल्यांनासुद्धा नाही. हे आपल्यापाशीच ठेवा. जड असेल तर जड."

मी हो म्हटलं. एवढ्यात लांब बस दिसली. काकूंनी ती बघितली आणि मास्तरीण मुलाला प्रवासाला निघताना बजावते तशा म्हणाल्या, "नवीन नोकरी बघा. कुठंतरी मिळेलच. आणि तिथं पहिल्या दिवशी कोणाची गोष्ट सांगू नका. कोणाचीच. नुसतं काम करा."

"किती वेळ, काकू?"

त्यांनी खरंच विचार केला. माझा अंदाज घेतल्यासारखं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"दुपारच्या जेवणापर्यंत जमलं तरी पुष्कळ झालं," त्या म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी मला वाघोलीला एका कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये काम लागलं. पहिल्या दिवशी मी सकाळी सातला गेलो, हात धुतले, भाजी चिरली, तोंड बंद. सगळ्यांना वाटलं माणूस मुका आहे. कोणी काही विचारलं की मी मान हलवायचो. फार अवघड गेलं. पावणेअकरापर्यंत टिकलो.